लेग एक्स्टेन्शन घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुणासाठी?

प्रश्न : कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र. वय 32. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्या मजल्यावर छोटी जिम सुरू केली. पायांसाठी स्क्वॅट रॅक आणि लेग प्रेस आहे, आता अजून एकच मशीन बसेल एवढी जागा उरली आहे. मेंबर लेग एक्स्टेन्शन मागतात, म्हणजे खुर्चीत बसून, नडगीवर वजन घेऊन पाय सरळ करायचं मशीन. वडील, म्हणजे आबा, तालमीत वाढलेले जुने पैलवान. ते म्हणतात, "ज्याला बैठका मारायचा कंटाळा, त्याला ही खुर्ची. पैसे पाण्यात घालू नकोस." जिममधल्या ट्रेनरने मोबाईलवर कुठेतरी पाहिलंय की या मशीनने गुडघे जातात. उद्यमनगरातला एक फॅब्रिकेटर 100 किलोच्या स्टॅकचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या वजनाच्या पाट्यांचं, मशीन बनवून द्यायला तयार आहे, आयात केलेलं मशीन त्याच्या दुप्पट किमतीला पडतं आणि पुण्यात बंद पडलेल्या एका जिमचं जुनं मशीन स्वस्तात मिळतंय. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "मेंबरांत गुडघेदुखी असलेल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळणारा एक मुलगा आहे, त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. दोघं विचारतात, आम्ही यावर व्यायाम करायचा का? मला उत्तर देता येत नाही. आबांचेही गुडघे दुखतात, पण ते कबूल करत नाहीत."

उत्तर : तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. किंमत, स्टॅक, रंग, वॉरंटी यांवर तुम्ही भरभरून लिहिलंय. त्या खुर्चीत बसणार कोण, हे मात्र अगदी शेवटी, ओघात आलंय. मी उत्तर तिथूनच सुरू करते. मशीन कुठलं घ्यायचं हे त्यावर बसणाऱ्या सगळ्यांत कमजोर माणसावरून ठरवावं. दांडगा पोरगा कुठल्याही मशीनवर निभावून नेतो. पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या, गुडघा धरून जिना चढणाऱ्या बाईंना ते जमत नाही, आणि मशीन चुकीचं असेल तर त्रास आधी त्यांनाच होतो.

आता तुमच्या ट्रेनरची भीती. ती निराधार नाही, पण अर्धवट आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करताना मांडीच्या पुढचा स्नायू नडगीचं हाड किंचित पुढे ओढतो. गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या 30-40 अंशांत ही ओढ सगळ्यांत जास्त असते, आणि ती थोपवण्याचं काम गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटकडे असतं. धडधाकट लिगामेंट हा ताण पेलतं. नुकतंच ऑपरेशन करून बसवलेल्या लिगामेंटला तो सुरुवातीच्या काळात झेपेलच असं नाही. गुडघ्याच्या वाटीमागे दुखणाऱ्यांनाही याच शेवटच्या टप्प्यात त्रास होतो, कारण पाय सरळ होत येतो तसा वाटीचा मांडीच्या हाडाला टेकणारा भाग लहान होत जातो आणि तेवढ्याशा जागेवर दाब वाढतो. म्हणजे प्रश्न मशीनचा कमी आणि कोणत्या गुडघ्याने किती अंशांत किती वजन उचललं याचा जास्त आहे. "गुडघे जातात" हे वाक्य सगळ्यांना सरसकट लावलं, तर ज्यांना या व्यायामाची खरी गरज आहे तेच त्यापासून लांब राहतात.

आणि ही गरज जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी गुडघ्यांचे अमेरिकन सैनिक बरे होऊनही मांड्या वाळलेल्या अवस्थेत राहत होते. तिथल्या लष्करी इस्पितळात थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने त्यांच्या पायांत लोखंडी बूट घालून, खुर्चीत बसवून पाय सरळ करायला लावले आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. 1945 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. आज जिममध्ये जे दहा-दहाचे तीन सेट मारतात, त्यांचं मूळ त्याच कामात आहे. 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्ध-रुग्णालयात 86 ते 96 वयाच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे, देखरेखीखाली, गुडघा सरळ करण्याचा हाच व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. प्रयोग छोटा होता, पण नव्वदीतही मांडीचा स्नायू हाक दिली की ओ देतो, एवढं त्यातून नक्की कळलं. तुमच्या शिक्षिका मेंबरना हे जरूर सांगा.

आबांचं म्हणणं मी बाजूला टाकणार नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं केलेल्या या गावात बैठकेला कमी लेखण्याचं कारण नाही. बैठकेत कंबर, कुल्ले, मांड्या, पोटऱ्या, घोटे, तोल आणि दम हे सगळं एकदम कामाला लागतं. या मशीनवर फक्त मांडीचा पुढचा स्नायू काम करतो. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल आणि माणूस निरोगी असेल, तर मी डोळे झाकून बैठका आणि स्क्वॅट सांगेन. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तुमच्याकडे असणारच. त्यांना 1600 मीटर धावायचं आहे, गोळा फेकायचा आहे. त्यांच्या यादीत हे मशीन खाली आलं तरी चालेल.

पण बैठकेत एक गोष्ट झाकली जाते. एक पाय कमजोर असेल तर दुसरा पाय त्याचं काम गुपचूप करून टाकतो. पन्नास बैठका पूर्ण होतात, वस्तादही खूश होतात, आणि कमजोर मांडी कमजोरच राहते. या खुर्चीत एका वेळी एकच पाय लावला की लपायला जागा राहत नाही. उजव्याने 30 किलो उठतं आणि डाव्याने 18, हे आकड्यातच दिसतं. शिवाय ज्याला खाली बसताच येत नाही त्याला बैठक मारा असं सांगण्यात काय अर्थ? त्याच्यासाठी ही खुर्ची म्हणजे पुन्हा बैठकेपर्यंत जाण्याची पहिली पायरी आहे. आबांना मशीन बैठकेची जागा घ्यायला आलंय असं वाटतंय. ती जागा ते घेणारच नाही, हे त्यांच्याशी एकदा शांतपणे बोला.

म्हणून माझं मत : घ्या. पण मेंबर मागतात म्हणून नको. मागणारे बहुतेक मेंबर दुसऱ्या जिममध्ये पाहिलं म्हणून मागतात, आणि महिन्याभरात पुन्हा बेंच प्रेसकडे वळतात. घ्यायचं ते वयस्कर मेंबरांसाठी, दुखापतीतून उठणाऱ्यांसाठी आणि डाव्या-उजव्या पायातला फरक कळावा म्हणून.

हे एकदा ठरलं की 100 किलोच्या स्टॅकचा प्रश्नच मागे पडतो. फॅब्रिकेटर तो आकडा अभिमानाने सांगतो कारण गिऱ्हाईक तेच विचारतं. तुम्ही त्याला उलटं विचारा : सगळ्यांत कमी वजन किती? पहिलीच पाटी 10 किलोची असेल आणि त्यात पायाने उचलायच्या लोखंडी दांड्याचं वजन मिळालं, तर शिक्षिकाबाईंचा पाय हलणारही नाही. पहिली पाटी 5 किलोची किंवा त्याहून कमी हवी, दांड्याचं वजन तोलणारं काउंटरवेट हवं, आणि दोन पाट्यांच्या मधली पायरी गाठायला अडीच किलोचं सुटं वजन हवं. एवढं मिळत असेल तर स्टॅक 70-80 किलोचा असला तरी तुमच्या जिमला पुरतो.

दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच कॅटलॉगमध्ये दिसत नाही. दार बिजागरीभोवती फिरतं तसा मशीनचा दांडा एका आसाभोवती फिरतो. तो आस आणि गुडघ्याचा आस एका रेषेत यायला हवा. त्यासाठी पाठीची गादी पुढे-मागे सरकली पाहिजे आणि पायावरचा रोलर वर-खाली झाला पाहिजे. पाठ एकाच जागी पक्की वेल्ड केलेलं मशीन कितीही मजबूत असलं तरी घेऊ नका. ते बनवणाऱ्याच्या उंचीच्या माणसालाच बसतं.

तपासायला सोपं आहे. तुमच्या ओळखीतली सगळ्यांत बुटकी बाई आणि सगळ्यांत उंच माणूस, दोघांना वर्कशॉपमध्ये घेऊन जा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथे खडूने ठिपका काढा. पाठ गादीला टेकवून, गुडघ्याची खोबण सीटच्या कडेपासून दोन बोटं पुढे येईल असं बसवा आणि ठिपका आसासमोर येतो का ते पाहा. मग हलक्या वजनावर पाय सावकाश वर-खाली करायला सांगा. रोलर नडगीवर एकाच जागी राहिला तर आस जुळला. तो नडगीवरून वर-खाली घासत असेल तर जुळलेला नाही, आणि तो फरक दर रेपला, म्हणजे पाय वर-खाली करण्याच्या प्रत्येक वेळी, गुडघा सोसणार आहे. दोघांपैकी एकालाही नीट बसवता आलं नाही तर मशीन परत द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा कोन बांधता येणं. दांड्याच्या चकतीवर भोकं असतात, त्यात पिन घातली की पाय तेवढ्यापुरताच हलतो. बऱ्याच मशीनवर सुरुवातीचा कोन बदलता येतो, शेवटचा नाही. तुम्हाला दोन्ही हवेत. वर सांगितलेले ते शेवटचे 30-40 अंश गाळायचे असतील तर मेंबरच्या लक्षावर विसंबून चालत नाही, तिथे पिनच हवी. फॅब्रिकेटरला हे जादा काम वाटेल. एका चकतीला थोडी जास्त भोकं पाडायची आणि एक स्टॉपर बसवायचा, एवढंच ते आहे, आणि त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या.

प्लेट लावायचं किंवा बेंचला जोडायचं स्वस्त मॉडेलही कुणीतरी सुचवेल. त्यात वजन थेट दांड्याच्या टोकाला टांगलेलं असतं. पाय खाली असताना ते जवळजवळ काहीच लागत नाही आणि पाय आडवा, सरळ झाला की पुरं लागतं. म्हणजे स्नायूची ताकद जिथे कमी पडते आणि लिगामेंटवरची ओढ जिथे जास्त असते, नेमका तिथे सगळा भार. केबल आणि कॅम (केबल जिच्यावरून फिरते ती अंडाकृती चकती) असलेल्या मशीनमध्ये भार त्या-त्या कोनाप्रमाणे कमी-जास्त करता येतो. तुमच्या उद्देशासाठी मी केबल, कॅम आणि पिनच्या स्टॅकचंच सांगेन. वयस्कर माणसाने वाकून 10 किलोची प्लेट उचलून लावायची, हे तसंही बरं नाही.

आता तिघांपैकी कुणाकडून घ्यायचं. माझा कौल उद्यमनगरच्या बाजूने आहे, वरच्या अटींवर. बुश झिजला, पुलीचं बेअरिंग आवाज करायला लागलं, सीटचा दांडा वाकला तर ज्या गावात लेथ आणि वेल्डिंग हाकेच्या अंतरावर आहे, तिथे मशीन फार दिवस बंद राहत नाही. आयात मशीनचा कॅम किंवा खास मापाची केबल लागली की वाट पाहणं आलं, आणि बंद मशीन मेंबरांच्या डोळ्यांत रोज खुपतं. फक्त स्थानिक मशीन घेताना नुसत्या फोटोवरून ऑर्डर देऊ नका. मुख्य आसाला साधा बोल्ट आहे की बेअरिंग, ते विचारा. बेअरिंगच हवं. मुख्य फ्रेमचा पाईप 3 मिलिमीटर जाडीचा असावा. रिकामा दांडा टोकाला धरून आडवा हलवून बघा, खडखड जाणवली तर आजच जाणवतेय, वर्षभराने वाढलेली असेल. स्टॅकला पुढून-मागून झाकण हवं, पालकांबरोबर आलेल्या पोरांची बोटं तिथे जातात. रकमेचा शेवटचा हिस्सा मशीन तुमच्या मजल्यावर बसून, त्या दोन माणसांची चाचणी झाल्यावरच द्या, आणि हे आधीच लिहून घ्या.

पुण्याच्या जुन्या मशीनबद्दल थोडक्यात : ते चांगल्या बनावटीचं असेल आणि वरच्या तीन अटींत बसत असेल तर वाईट नाही. केबल मात्र नवी घालायचीच, कारण ती जिथे टोकाला घट्ट केलेली असते तिथे तारा सुटलेल्या असतात. पण वाहतूक, केबल आणि नवीन फोम धरून हिशोब करा. स्वस्त राहतं का ते तेव्हा कळेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. मांडीचा पुढचा स्नायू वाढवताना मागचा विसरला तर गुडघा एकतर्फी होतो. मागचा स्नायू एसीएलला आधार देतो. जागा एकाच मशीनची आहे, म्हणून बसून एक्स्टेन्शन आणि बसूनच कर्ल (पाय मागे दुमडण्याचा व्यायाम) होईल असं जोडमशीन मिळालं तर ते पाहा. अट तीच, दोन्ही प्रकारांत ठिपका आसासमोर आला पाहिजे. जोडमशीनमध्ये कुठेतरी तडजोड असतेच. ती चाचणीत जमली नाही तर नुसतं एक्स्टेन्शन घ्या आणि मागच्या स्नायूसाठी रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन धरून, गुडघे किंचित वाकवून कमरेतून झुकायचं आणि उठायचं) शिकवा, त्याला जागा लागत नाही.

वापराबद्दल तुमच्या ट्रेनरला एक तास घेऊन बसवा. मेंबर आला की थेट वजनाची पिन लावायची नाही, आधी पाठ, मग रोलर घोट्याच्या किंचित वर, मग कोन, सगळ्यात शेवटी वजन. पाय दोन मोजत वर, क्षणभर थांबून तीन-चार मोजत खाली. वर झटका नाही आणि खाली पाट्या आपटल्याचा आवाज नाही. कुल्ले सीटवरून उचलले जात असतील तर वजन जास्त झालंय, वाद न घालता एक पाटी काढायची. वर जाताना श्वास सोडायचा. बीपी असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावायचाच नाही. बारा-पंधरा रेप स्वच्छ होतील एवढं वजन, दोन-तीन सेट, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. एवढ्याने बहुतेकांचं काम होतं. निरोगी मेंबरांना हे स्क्वॅटनंतर द्या, आधी नको. थकलेल्या मांड्यांनी जड स्क्वॅट मारताना तोल जातो. आणि इथे जास्तीत जास्त वजन किती उठतं याची पैज कुणालाही लावू देऊ नका, त्यासाठी स्क्वॅट रॅक आहे.

शिक्षिकाबाईंसाठी : गुडघा सुजलेला, गरम लागणारा, मध्येच अडकणारा किंवा चालताना दगा देणारा असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. तसं नसेल तर 90 ते 45 अंशांच्या मध्ये (90 म्हणजे गुडघा काटकोनात, 0 म्हणजे पाय सरळ) पिन बांधून, पहिल्या पाटीने सुरुवात. व्यायाम करताना थोडं दुखेल. दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं वाटत असेल तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर वजन किंवा सेट कमी, मशीन बंद करायची गरज नाही. जोडीला खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव द्या, कारण त्यांना ताकद हवीय ती घरातल्या जिन्यासाठी.

आबांनाही हाच कार्यक्रम लागू पडेल, पण त्यांना "तुमचे गुडघे दुखतात" असं म्हणून बोलावू नका. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला शिकवलं त्यांना पेशंट व्हायला जड जातं. मशीन तपासायला वर्कशॉपमध्ये त्यांना बरोबर न्या. शरीर पाहण्याची त्यांची नजर तुमच्या ट्रेनरपेक्षा तयार आहे. बाईंचा गुडघा कुठे वळतो, कुल्ला कधी उचलतो, हे त्यांना खडूशिवाय दिसेल. दुपारची वेळ ज्येष्ठांसाठी ठेवून त्यांच्या हाती दिलीत तर दुसऱ्यांना बसवता बसवता ते स्वतःही बसतील, किंवा बसणार नाहीत. ते त्यांच्यावर सोडा.

फुटबॉलवाल्या मुलाबाबत मात्र मी कडक आहे. त्याला या मशीनची गरज कदाचित सगळ्यांपेक्षा जास्त आहे. मैदानावर परतण्याआधी ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के व्हावी असं फिजिओथेरपिस्ट पाहतात, आणि बहुतेक जण नऊ महिने तरी थांबायला सांगतात. ही ताकद मोजायला आणि वाढवायला एका पायाचं एक्स्टेन्शन उपयोगी आहे. पण कधी सुरू करायचं, कुठल्या कोनात आणि किती वजनाने, हे ऑपरेशनला किती आठवडे झाले, लिगामेंट कुठून घेऊन बसवलं आणि त्याबरोबर गुडघ्यातल्या गादीची (मेनिस्कसची) दुरुस्ती झाली का, यावर ठरतं. हे तुम्ही, मी किंवा तुमचा ट्रेनर ठरवू शकत नाही. त्याच्या सर्जनकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून कोन, वजन आणि तारीख लिहून आणायला सांगा आणि तो कागद फाईलला लावा. सीझन तोंडावर आलाय, संघवाले थांबायला तयार नाहीत, असं तो म्हणेल. कागद येईपर्यंत त्याला दंड-छातीचा व्यायाम द्या, फी घेऊ नका हवं तर, पण त्या खुर्चीत बसवू नका.